फुंकर मारावी लागेल तिथवर

करारातलं चौथं कलम बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आणि त्याच कलमाशी येऊन घरातलं घोडं तीन आठवडे अडलं होतं.

बाकीची पंधरा कलमं ताईच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, टाइप करून आणली होती. ती अस्सल वकिली भाषेत होती, म्हणजे कोणी चुकूनही वाचणार नाही याची पुरेपूर काळजी घेतलेली. बाबांनी ती एका बैठकीत ऐकून घेतली, मान डोलावली, आणि चौथ्या कलमाशी आल्यावर म्हणाले, "किलोमीटर वगैरे मला कळत नाही. कागद इकडे आणा." मग कानामागचं पेन्सिलीचं थोटूक काढून त्यांनी जे लिहिलं, ते असं होतं: 'या दुकानातून निघालेला सुपाचा डबा मोठ्याने स्वतः पायी न्यावा. जिथवर ते सूप फुंकर मारल्याशिवाय पिता येणार नाही, तिथवरचा मुलूख मोठ्याचा. त्यात घरचं दुसरं दुकान नाही.' खाली सही आणि कांद्याच्या रसाचा एक डाग.

मोठा म्हणजे दादा. घराच्या नावावर चालवायला दिलेलं ते पहिलंच दुकान, आणि घेणारा घरचाच, म्हणून बाबांची ही लहर भाऊजींनी चालवून घेतली. पुढे बाहेरच्या सात जणांनी फ्रँचायझी घेतल्या तेव्हा मात्र त्यांनी मुकाट्याने 'नकाशावर सरळ रेषेत तीन किलोमीटर' असं छापून टाकलं. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली होती. पेन्सिलीचं कलम तेवढं जागच्या जागी होतं.

आणि आज रविवारी सकाळी दहा वाजता, दुकान उघडायच्या आधी, दादाच्या दुकानातल्या लांब टेबलाभोवती सगळं घर त्या कलमाकडे बघत बसलं होतं.

"सरळ रेषेने मोजलं तर आठशे मीटर," भाऊजी नकाशावर पट्टी ठेवून म्हणाले. "बाहेरच्यांचं कलम लावलं असतं तर विषय दोन मिनिटांत संपला असता."

"मग संपवा ना," दादा म्हणाला.

"तुमच्या करारात रेषा नाही, दादा. तुमच्या करारात डबा आहे."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या शेंडेफळाने हसू गिळलं. हे नाव दादानेच तिला ती जन्मली त्या दिवशी ठेवलं होतं. तो तेव्हा चौदा वर्षांचा होता. आता ती छत्तीस वर्षांची झाली, दोन भाषांत हिशोब करायची, तीन पुरवठादारांना एका दमात गप्प करायची, तरी गल्लीतला दूधवालासुद्धा तिला शेंडेफळ म्हणूनच हाक मारायचा. नऊ वर्षं ती दादाच्या चुलीशी उभी होती. कांद्याचं सूप आणि भाजलेला पाव, एवढीच काय ती दुकानाची विद्या. पण कांदा किती पातळ चिरायचा, किती वेळ मंद आचेवर परतायचा आणि कुठल्या रंगावर पाणी घालायचं, हे बाबांच्या मागे तिच्याइतकं कोणालाच जमलं नव्हतं. आणि आता तिला स्वतःचं दुकान हवं होतं. रेल्वेच्या रुळांपलीकडे, जिथे चपलांचं दुकान बंद होऊन 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागली होती. त्याच्या मालकाने आज दुपारी बारापर्यंतची मुदत दिली होती. त्यानंतर तो ते मोबाइल दुरुस्तीवाल्याला देणार होता. हे दुकान गेलं तर परवडणारं दुसरं मिळायला आणखी किती वर्षं जातील, याचा तिने रात्री जागून विचार केला होता आणि मग विचार करणं सोडून दिलं होतं.

"दादा, तू ना-हरकत लिहून दे, की डबाबिबा काही नको," ती म्हणाली. "चार ओळी आहेत."

"पुलापलीकडची माणसं माझी गिऱ्हाइकं आहेत."

"दोन वर्षांत त्यातलं एक तरी आलंय का?"

दादाचा चेहरा पडला. हे बोलायला नको होतं, हे तिला बोलल्याबरोबर कळलं. पूर्वी रुळांवर फाटक होतं. गाडी गेली की पलीकडची अर्धी वस्ती दुपारी जेवायला इकडे यायची. फाटक बंद झालं, वर पादचारी पूल आला, आणि एकेक करून ती माणसं यायची थांबली. सगळ्यात जास्त लागलं ते पोस्टमनचं. निवृत्त झाल्यावरही रोज साडेबाराला खिडकीजवळच्या खुर्चीत बसणारा, बावीस वर्षांपासूनचा गिऱ्हाईक, एक दिवस आला नाही तो नाहीच आला. दादाने ती खुर्ची महिनाभर रिकामी ठेवली होती. मग एके दिवशी ती उचलून मागे नेली.

"आले नाहीत तर नाही आले," दादा म्हणाला. "उद्या येतील. तिकडे तू बसलीस तर कशाला येतील?"

"मला विचाराल तर दादाचं बरोबर आहे," ताई म्हणाली.

शेंडेफळाने तिच्याकडे पाहिलं. कालपर्यंत हीच ताई फोनवर 'मी आहे तुझ्या पाठीशी' म्हणत होती.

"अशी बघू नकोस. मूळ दुकान आई आणि मी सांभाळतो. आज हिला सवलत दिली की उद्या सातही जण कागद घेऊन दारात उभे राहतील. घरच्यांना एक न्याय आणि आम्हाला दुसरा का, म्हणतील. मग कोणाकोणाची तोंडं धरू?"

"सवलत कोण मागतंय? कलमात आहे तसं करा. डबा न्या."

"डबा नेऊच," दादा म्हणाला आणि उठलाच. "मला काय भीती आहे? आण गं तो नवीन डबा, दुहेरी पत्र्याचा."

वहिनी जागची हलली नाही. "तो डबा सकाळी भरला की संध्याकाळी जीभ भाजते, अहो. त्याने तुमचा मुलूख समुद्रापर्यंत जाईल."

"कलमात नुसतं 'डबा' म्हटलंय. वकीलसाहेब, म्हटलंय की नाही?"

भाऊजींनी चष्मा वर सरकवला. "म्हटलंय. पण लिहिणाऱ्याच्या मनात त्या वेळी कोणता डबा होता, हे विचारात घ्यावं लागेल."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. ती भिंतीशी बसून पावांचे तुकडे डब्यात भरत होती, जणू हे सगळे कोणी परके लोक असावेत आणि आपण फक्त पाव घेऊन आलो असावं. तिने हात झटकले आणि गल्ल्याच्या वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे बाबांचा ॲल्युमिनियमचा कडीवाला डबा होता, एका बाजूने चेपलेला. बाबा त्यातूनच सुरुवातीला गिरणीच्या दारात सूप नेऊन विकायचे.

"तो," आई म्हणाली. "आणि चाखणार मी. फुंकर मारावी लागली तर मोठ्याचं. नाही लागली तर धाकटीचं. दोघांना कबूल?"

"कबूल," शेंडेफळ म्हणाली.

"कबूल," दादा म्हणाला. "पण कांदे कोण चिरणार ते आधी ठरवा."

"म्हणजे?"

"म्हणजे तू गेल्यावर. काही नाही. चला."

वहिनीने शेंडेफळाकडे एक नजर टाकली. त्या नजरेत खूप काही होतं, पण ते विचारायला वेळ नव्हता, कारण पातेल्यात सूप उकळत होतं आणि दादा टॉवेल शोधत होता.

डब्याला गुंडाळायला. ताईच्या लक्षात आलं नसतं तर तो टॉवेल गुंडाळून निघालाही असता.

"टॉवेल नाही," ताई म्हणाली.

"तू माझ्या बाजूने आहेस ना?"

"मी नियमाच्या बाजूने आहे. टॉवेल ठेव."

तर अशी ती वरात निघाली. पुढे दादा, हातात डबा, अंगात स्वच्छ धुतलेला सदरा, चेहरा युद्धाला निघाल्यासारखा. त्याच्या मागे भाऊजी, कराराची फाइल छातीशी धरून. मग आई आणि ताई, आणि शेवटी वहिनी आणि शेंडेफळ. हवा छान होती, आणि नेमकी तीच अडचण होती. वारा असता तर डबा लवकर निवला असता.

शेंडेफळाची खरी मदार मात्र वाऱ्यावर नव्हती. तिची मदार दादाच्या तोंडावर होती. हा माणूस रस्त्याने चालला आणि कोणाशी बोलला नाही, असं आजवर घडलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे पाच मिनिटं, किल्ल्या करणाऱ्याकडे सात, शिंप्याकडे त्याच्या मुलीच्या परीक्षेपासून सुरुवात, आणि फुलवालीशी भांडण करायला वेगळा वेळ. बँकेत जायला म्हणून निघालेला दादा बँक बंद झाल्यावर पोचायचा. त्याच्या या स्वभावावर तिने आपला सगळा डाव लावला होता, आणि मनातल्या मनात त्याची तिला थोडी लाजही वाटत होती.

न्हावी दारातच उभा होता. "काय दादा, सकाळी सकाळी?"

दादाने नुसती मान हलवली आणि पुढे निघाला.

न्हाव्याच्या हातातला कंगवा तसाच राहिला. "बरं आहे ना सगळं घरी?" त्याने मागून येणाऱ्या आईला विचारलं.

"सगळं बरं आहे. तो चालतोय."

किल्लीवाल्याने हाक मारली, दादाने हात वर केला, पाय थांबले नाहीत. शिंपी चक्क रस्त्यावर आला आणि म्हणाला, "अहो, पोरगी पहिली आली." हे ऐकून दादाचे पाय एक क्षण अडखळले. त्याचा जीव किती कासावीस झाला ते त्याच्या पाठीवरूनसुद्धा दिसत होतं. पण त्याने ओठ घट्ट मिटले, आणि चालता चालता मोकळ्या हाताने हवेतच पोरीची पाठ थोपटल्यासारखं केलं.

"हा आजारी पडणार," ताई म्हणाली. "इतके शब्द आत कोंडून माणूस जगत नाही."

शेंडेफळाने डब्याकडे पाहिलं. डब्याच्या झाकणाच्या कडेने अजून वाफ येत होती. दादा याच चालीने गेला तर आठ मिनिटांत पूल आणि पंधरा मिनिटांत दुकान, आणि पंधरा मिनिटांत तो डबा निवणार नाही, हे तिच्याइतकं चांगलं कोणाला ठाऊक होतं? सूप तिनेच उकळलं होतं, आणि मन लावून उकळलं होतं. कोमट सूप भरून काम भागलं असतं. ते तिला सुचलं होतं, पण हात वळला नव्हता.

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाली, "एक सांगू? ती पाटी मीच आधी पाहिली होती."

"कोणती पाटी?"

"चपलांच्या दुकानाची. मावशींकडे गेले होते तेव्हा. मीच तुमच्या भाच्याला सांगितलं, आत्याला फोटो पाठव म्हणून."

"वहिनी, तू? तू तर तीन आठवडे तोंडाला कुलूप लावून बसलीस."

"मग काय करू? रोज रात्री एकच. पोस्टमन गेला, शेंडेफळ जाणार, मी एकटा कांदे परतत बसणार. गिऱ्हाइकांचं निमित्त आहे हो. तुम्ही जाल याची त्यांना भीती वाटते. पण हे त्यांच्या तोंडून निघेल तर शपथ."

पुढून आवाज आला. "मला सगळं ऐकू येतंय," दादा मागे न वळता म्हणाला. "म्हणजे बायकोपण सामील."

"बोललात बरं का," वहिनी म्हणाली.

"चालता चालता बोललो. ते चालतं. वकीलसाहेब, चालतं ना?"

"चालतं," भाऊजींनी निर्वाळा दिला. त्यांना धाप लागली होती.

पुलाच्या पायऱ्या बासष्ट होत्या. दादा न थांबता चढला. आई मात्र विसाव्या पायरीला थांबली, मग छत्तिसाव्या, मग पन्नासाव्या. तिच्याबरोबर ताई थांबली, आणि तिच्यासाठी भाऊजी, मनातून अगदी आनंदाने. वर पोचल्यावर आईने कठड्याला धरलं आणि खालच्या रुळांकडे बघत म्हणाली, "फाटक असतं तर आत्तापर्यंत पोचलो असतो."

शेंडेफळ दादाला गाठायला पुढे धावली. खरं सांगायचं तर हरायचंच असेल तर डोळ्यांसमोर हरावं, एवढंच तिच्या मनात होतं. दादा पलीकडच्या पायऱ्या उतरून रस्त्याला लागला होता. रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंना एकमजली घरं, दारात सायकली, वळणावर नळ. चपलांचं दुकान आता दिसत होतं. दारात त्याचा मालक किल्ल्या बोटात फिरवत उभा होता. अजून शंभर पावलं. तिने दादाच्या हाताकडे पाहिलं. कडी धरलेली बोटं चटक्याने लाल झाली होती. डबा गरमच होता.

आणि मग एका घराच्या ओट्यावरून कोणीतरी म्हणालं, "गंध तर ओळखीचा आहे."

दादा जागीच थांबला.

ओट्यावर वेताच्या खुर्चीत पोस्टमन बसला होता. गुडघ्यांना पट्टे बांधलेले, शेजारी काठी, आणि डोळे मिटलेले, म्हणजे नाकाला नीट काम करता यावं म्हणून. त्याने डोळे उघडले आणि दादाला पाहिलं. मग पोस्टमन म्हणाला, "माझी खुर्ची आहे का रे अजून?"

"तू..." दादा ओट्याकडे वळला. "तू मला न सांगता सोडून गेलास."

"मी? मी कुठे जाऊ? मी इथे या ओट्यावर आहे, दोन वर्षं. गुडघे गेले. तो पूल बघितलास? बासष्ट पायऱ्या आहेत. एकदा गेलो चढायला, अकराव्या पायरीवरून मला दोघांनी उचलून खाली आणलं. मग म्हटलं, मोठा येईल कधीतरी विचारायला."

"मला वाटलं तुला सूप आवडेनासं झालं."

"बावीस वर्षांनी?"

दादाने ओट्यावर बसकण मारली. त्याने कधी डब्याचं झाकण काढलं, कधी त्यात सूप ओतलं, हे शेंडेफळाला नीट दिसलंसुद्धा नाही. तिला फक्त वाफ दिसली. बाबांच्या त्या डब्याचं झाकण खोलगट होतं, वाटीसारखं, आणि गिरणीच्या दारात लोक त्यातूनच प्यायचे. पोस्टमनने ते दोन्ही हातांनी धरलं, ओठांशी नेलं, आणि थांबला. मग त्याने फुंकर मारली. एकदा, दोनदा आणि तिसऱ्यांदा.

मागून धापा टाकत आलेल्या भाऊजींनी ते पाहिलं. आईनेही पाहिलं.

झालं. इथून दुकान फक्त साठ पावलं होतं. शेंडेफळाला वाटलं होतं की हरताना रडू येईल, पण रडू येत नव्हतं. पोस्टमन सूप पीत होता आणि त्याच्या मिशीला कांदा लागला होता, आणि दादा त्याच्याकडे बघत होता, तो चेहरा तिने गेल्या दोन वर्षांत पाहिला नव्हता. तिला वाईट वाटत होतं आणि आनंदही होत होता, दोन्ही एकदम.

"कांदा तूच परतलास ना?" पोस्टमनने तिला विचारलं. "बाबांसारखा."

शेजारच्या दारातून एक बाई वाटी घेऊन आली. "थोडं मिळेल का हो? आमचे हे अजून आठवण काढतात." तिच्या मागे एक म्हातारा, मग एक जण कडेवरच्या मुलासकट, मग नळावरची दोघं. दादा ओतत होता, प्रत्येकाला नावाने विचारत होता, कोणाचं दुखणं, कोणाचा मुलगा, कोणाची बदली, जणू सकाळपासून कोंडलेले सगळे शब्द इथेच सांडायचे होते.

"दादा," शेंडेफळ म्हणाली, "झाकण लाव. गार होईल."

ताईने चमकून तिच्याकडे पाहिलं. दादानेही पाहिलं.

"काय म्हणालीस?"

"झाकण लाव म्हटलं. साठ पावलं राहिलीत. डबा दुकानापर्यंत गरम पोचायला हवा, नाहीतर उद्या तू म्हणशील मध्ये गप्पा मारल्या म्हणून हरलो. मला तसलं दुकान नको."

दादाने डबा हलवून तळाचं सूप ढवळलं.

"डबा गेला तेल लावत," तो म्हणाला आणि पुढच्या बाईची वाटी भरली.

चपलांच्या दुकानाचा मालक बराच वेळ दुरून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही, तोही आला. वाटी नव्हती म्हणून त्याने कोणाची तरी बशी मागून घेतली. डब्यातलं शेवटचं सूप त्याच्या बशीत गेलं, आणि त्यानेही फुंकर मारली, पण ते मोजायला आता कोणी उरलं नव्हतं.

दुकानात ते बारा वाजायला दहा मिनिटं असताना पोचले. आत धूळ होती, भिंतीवर बुटांच्या मापांचा जुना तक्ता होता, आणि मधोमध एक लाकडी काउंटर. दादाने त्यावर डबा ठेवला. पोकळ आवाज झाला.

आई पुढे झाली. तिने झाकण काढलं, आत पाहिलं, डबा उलटा करून पाहिला. एक थेंब पडला.

"मी निकाल कशाचा देऊ?" ती म्हणाली. "सकाळपासून मला एक घोट मिळाला नाही."

"करारात रिकाम्या डब्याबद्दल काही नाही," भाऊजी म्हणाले. त्यांनी फाइल पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. "गरम किंवा गार. रिकामा हा पर्याय बाबांनी धरलेला नाही."

"पण वाटेत फुंकर मारली," ताई म्हणाली. तिला हे बोलताना बरं वाटत नव्हतं, ते दिसत होतं. "सगळ्यांनी पाहिलं. नियमाने बघितलं तर..."

"नियमाने बघितलं तर जिंकलो मी," दादा म्हणाला. त्याने बाहीने कपाळ पुसलं. "हा सगळा मुलूख माझा आहे. आणि माझ्या मुलखातला माणूस दोन वर्षं ओट्यावर बसून माझी वाट बघत होता, आणि मी त्याला घरी बसून शिव्या घालत होतो. वकीलसाहेब, पेन आहे का?"

भाऊजींनी पेन दिलं. ना-हरकतीचा कागद शेंडेफळाच्या पिशवीत तीन आठवडे घड्या पडून होता. दादाने तो काउंटरवर सरळ केला, वाचलासुद्धा नाही, सही केली. मग थांबून खाली आणखी काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंस?"

"अट आहे. दर रविवारी पोस्टमनला पहिला वाडगा मी वाढणार. आणि कांदे कसे चिरायचे ते माझ्या नव्या पोराला तू शिकवणार. महिनाभर. मला तुझ्यासारखे जमत नाहीत, हे मान्य केलं, आता सगळ्यांनी गावभर सांगत सुटू नका."

वहिनीने पदराने डोळे पुसले आणि धुळीला नावं ठेवली. शेंडेफळाने दादाला मिठी मारली. तिला लहानपणापासून त्याच्या सदऱ्याला येणारा परतलेल्या कांद्याचा वास आला, आणि आता आपल्याही कपड्यांना तोच येतो, हे तिच्या लक्षात आलं.

चपलांच्या मालकाने किल्ल्या काउंटरवर ठेवल्या. बारा वाजायला चार मिनिटं होती. "त्या मोबाइलवाल्याला काय सांगू?" त्याने विचारलं.

"सूप प्यायला ये म्हणावं," आई म्हणाली.

भाऊजींनी फाइलमधून कोरा करार काढला आणि पहिल्या पानावरची धूळ फुंकली. "हे तिचं दुकान. पंधरा कलमं नेहमीचीच. चौथं काय लिहू? तीन किलोमीटर लिहिलं तर दादाचंच दुकान हद्दीत येतं."

सगळे शेंडेफळाकडे बघायला लागले. तिने गल्ल्याजवळ पडलेलं एक पेन्सिलीचं थोटूक उचललं, चपलांची मापं लिहायचं असावं, आणि काउंटरवर वाकून लिहिलं. भाऊजींनी ते मोठ्याने वाचलं.

"'या दुकानाची हद्द पुलाच्या या बाजूच्या पहिल्या पायरीपर्यंत. त्या बाजूच्या पहिल्या पायरीपासून पुढे दादाची. पायऱ्या कोणाच्याच नाहीत.'"

दादाने कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि पेन्सिल मागितली.

"शेवटचं वाक्य खोडतो," तो म्हणाला. "पायऱ्या माझ्या. रविवारी मलाच चढायच्या आहेत."

आईने कोपऱ्यातला खराटा शोधून काढला होता. तो तिने ताईच्या हातात दिला, वहिनीला पाणी आणायला नळावर पाठवलं, आणि रिकामा डबा दादाच्या हातात ठेवला.

"जा," ती म्हणाली, "भरून आण. मला भूक लागली आहे."